उशिरा आलेली कुमक आणि लँचेस्टरची समीकरणे

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी युद्धाचे गणिती प्रतिमान हा विषय घेतला, तेव्हा मार्गदर्शकांनी मला कुमकेच्या विलंबाकडे वळण्यापूर्वी फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1914 साली मांडलेली साधी विकल समीकरणे (बदलाच्या वेगाची समीकरणे) कागदावर सोडवायला लावली, आणि या विषयाकडे नव्याने येणाऱ्यांना मीही तेच सुचवीन. या समीकरणांत प्रत्येक पक्षाच्या हानीचा वेग शत्रूच्या त्या क्षणीच्या संख्याबळाच्या प्रमाणात असतो. क्ष आणि य ही संख्याबळे, तर ब आणि अ हे अनुक्रमे त्यांच्या मारकतेचे सहगुणक मानले, तर कुमक येत नाही तोवर ब·क्ष² − अ·य² ही राशी स्थिर राहते आणि तिच्या चिन्हावरून निकाल कळतो.

विलंबाचे मर्म याच राशीत आहे. प सैनिकांची कुमक आली की क्ष² मध्ये 2·क्ष·प + प² एवढी भर पडते. म्हणजे कुमक तेवढीच असली, तरी ती पोहोचेपर्यंत क्ष जितका घटलेला असेल, तितका तिचा उपयोग कमी होतो.

याचा पडताळा जपानच्या इवो जिमा बेटावर 1945 मध्ये झालेल्या लढाईवर घ्यावा. एंगेल यांनी 1954 साली केलेल्या अभ्यासात अमेरिकेचे 54,000 सैनिक पहिल्या, 6,000 तिसऱ्या आणि 13,000 सहाव्या दिवशी उतरले असे धरले आहे. समोर जपानचे 21,500 सैनिक होते आणि त्यांना कुमक नव्हती. क्ष अमेरिकेचे आणि य जपानचे संख्याबळ मानून, एंगेल यांचे अ = 0.0544 आणि ब = 0.0106 हे सहगुणक घेऊन, प्रत्येक तुकडी एकदम उतरली असे मानून हिशेब केला, तर अमेरिकेची हानी सुमारे 20,200 येते. शेवटच्या दोन तुकड्या 15 दिवस उशिरा आणल्या, तर ती 25,000 होते. विजय दोन्ही वेळा अमेरिकेचाच होतो, परंतु फरक जवळजवळ 4,800 माणसांचा आहे, आणि हे आकडे माणसांचे आहेत याचे भान गणित करतानाही सुटता कामा नये.

वेळापत्रक आधीच ठरलेले असेल, तर उशिरामुळे कुमकेची तारीख तेवढी सरकते. झालेली हानी पाहून कुमक मागवली जात असेल, तरच समीकरणात भूतकाळातील स्थिती शिरते आणि ते खरे विलंबयुक्त समीकरण होते. ते संगणकावर सोडवताना विलंबाचा काळ हा पायरीच्या, म्हणजे हिशेब एका वेळी जेवढ्या काळाने पुढे नेतो त्याच्या, पूर्ण पटीत ठेवावा. दारूगोळा अडकला असेल, तर मात्र क्ष मध्ये भर घालून चालत नाही. तिथे ब हा सहगुणकच काळानुसार बदलावा लागतो.