गिऱ्हाईक नेमकं कोण?

कराडला माझ्या बाबांचं मोबाइलचं दुकान आहे. पुण्यात लॉ करत होते तेव्हा सुट्टीत मी काउंटरला बसायचे. नवा फोन घेतला की लोक हमखास म्हणायचे, "ताई, ही नको असलेली ॲप्स तेवढी काढून द्या." मी आयकॉन दाबून धरायचे. 'अनइन्स्टॉल' यायचंच नाही, फार तर 'डिसेबल'.

पुढे दिल्लीत स्पर्धा कायद्याच्या इंटर्नशिपला गेले. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी भारतीय स्पर्धा आयोगाचा गुगल-अँड्रॉइडवरचा २० ऑक्टोबर २०२२ चा आदेश हातात दिला. मी सरळ दंडाचं पान काढलं: १,३३७.७६ कोटी रुपये. मॅडमनी पानं मागे उलटली. "आधी 'संबंधित बाजारपेठ' वाच, म्हणजे स्पर्धा नेमकी कोणत्या बाजारात मोजायची ते. यातलं गिऱ्हाईक कोण ते उद्या सांग."

फोन विकत घेणारा माणूस, असं मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. चुकलं होतं. आमच्या काउंटरवर माणूस अँड्रॉइड घेऊ की आयफोन, असा घुटमळतो हे मी रोज पाहिलेलं. ॲपलशी आमची स्पर्धा आहे, हेच गुगलचंही म्हणणं होतं. आयोग मात्र फोन बनवणाऱ्या कंपनीच्या जागी जाऊन बसला. तिला ऑपरेटिंग सिस्टिम हवी असते आणि ॲपल आपली कुणालाच देत नाही. म्हणून परवान्यावर मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची बाजारपेठ वेगळी धरली गेली, ॲपल तिच्याबाहेर राहिलं आणि वर्चस्वाचा प्रश्न जवळजवळ तिथेच सुटला. नुसतं मोठं असणं स्पर्धा कायद्याच्या कलम ४ खाली दोष नाही. वर्चस्वाचा गैरवापर दाखवावा लागतो. इथे तो करारात होता: प्ले स्टोअर हवं असेल, तर सर्च, क्रोम, यूट्यूब असा सगळा संच घ्यायचा.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी म्हणूनच आग्रहाने सांगते, बातमीवर थांबू नका, मूळ आदेश वाचा. आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. समासात तीनच गोष्टी लिहा: विकतो कोण, घेतो कोण, घेणाऱ्यापुढे दुसरा पर्याय काय. अर्थशास्त्राची भीती असेल तर मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, तेवढी पक्की करा, निम्मं काम तिच्यावर चालतं. कॉमर्स, अर्थशास्त्रवाल्यांनाही इथे मोठी जागा आहे. आयोगातही इंटर्नशिप मिळते, अर्ज जरूर करा.

मग १८ नोव्हेंबर २०२४ चा व्हॉट्सॲपचा आदेश घ्या. व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा, तिला २१३.१४ कोटींचा दंड झाला तो. तिथे वापरणारा पैसेच देत नाही, त्यामुळे किंमत वाढवून पाहण्याची नेहमीची कसोटी लंगडी पडते. खासगीपणा हाच सेवेचा दर्जा धरून युक्तिवाद कसा उभा राहतो, ते बघण्यासारखं आहे. मी तो दोनदा वाचला.

आणि अपील सोडू नका. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने गुगलचा दंड कायम ठेवला, पण आयोगाने दंडासोबत गुगलला दिलेल्या दहापैकी चार सूचना रद्द केल्या. आधीच टाकलेली ॲप्स काढू द्यावीत, ही त्या चारांतलीच एक. मी संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडायचं, ते?"

ते कायम राहिलं होतं.