भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती सायकलने: निघण्याआधीची तयारी

सायकलीकडे नंतर बघू, आधी तारीख ठरवा. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणामागच्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता धरणाजवळच्या शेंडी गावातून निघतो, मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरच्या बाजूला जातो, तिथून साम्रद आणि रतनवाडीकडे वळतो आणि कोलटेंभे, मुतखेलवरून पुन्हा धरणापाशी येतो. सगळं मिळून ४५ किलोमीटरच्या आसपास. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला जंगल किंवा भाताची खाचरं. पण हा रस्ता बारा महिने सारखा नसतो. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे बघायला रात्री गाड्यांची रांग लागते. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धबधब्यांची गर्दी असते, आणि पंधरा ऑगस्टच्या आगेमागे धरण भरलं की विचारूच नका. पावसाळ्यात घाटघर आणि रतनवाडीला कोसळतो तो पाऊस सायकलवाल्याचा नव्हेच. रस्त्यावर शेवाळ धरतं आणि ओढे वरून वाहतात. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि मंगळवार ते गुरुवार. त्यासाठी रजा टाकावी लागली तर टाका. मधल्या वारी उडदावण्याच्या पुढे बराच वेळ इंजिनाचा आवाज कानावर पडत नाही, आणि एवढी शांतता मुंबई-पुण्याहून अर्ध्या दिवसात गाठता येईल अशा जागा आता थोड्याच उरल्या आहेत.

सायकल शेंडीपर्यंत गाडीच्या कॅरिअरवर घालून न्या. कसारा घाट ट्रकांच्या सोबतीने चढण्यात काही पुरुषार्थ नाही. घोटीहून बारीमार्गे शेंडीला येणारा रस्ताही बऱ्यापैकी वाहता आहे. मुक्काम आदल्या रात्री शेंडीत करा, म्हणजे उजाडता निघता येईल.

दिशा आधीच पक्की करा, कारण तिच्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. शेंडीहून आधी उत्तर काठाने घाटघरकडे जा आणि दक्षिण काठाने परत या. धरण पूर्वेला, पाणी पश्चिमेकडे पसरलेलं. त्यामुळे सकाळी पश्चिमेला जाताना ऊन पाठीवर राहतं आणि दुपारनंतर पूर्वेला परततानाही पाठीवरच. शिवाय आपण डाव्या बाजूने चालवतो आणि या दिशेने जलाशय सतत डावीकडेच राहतो, म्हणजे पाणी बघण्यासाठी रस्ता ओलांडावा लागत नाही.

आता टायर. तयारीला एकच संध्याकाळ मिळणार असेल तर ती सगळी टायरवर खर्च करा. रस्ता नावाला डांबरी आहे, पण पावसाळ्यानंतर कुठे डांबर उखडून खडी वर आलेली, कुठे खड्ड्यात मुरूम भरलेला, तर गावातून पाण्याकडे उतरणाऱ्या वाटा निव्वळ मातीच्या. रोड बाईकचे २५ किंवा २८ मिलिमीटरचे टायर इथे हाताचे आणि कमरेचे हाल करतात. ग्रॅव्हल बाईकवर, म्हणजे खडी-मातीसाठीच्या सायकलवर, ४० मिलिमीटर उत्तम. हायब्रिडवर (रोड आणि माउंटन बाईकच्या मधली सायकल) ३५ बसत असतील तर तेही चालतील, माउंटन बाईक असेल तर प्रश्नच नाही. रुंदीइतकाच हवेचा दाब महत्त्वाचा, आणि घोळ नेमका तिथेच होतो. शहरात दुकानदार अंगठ्याने दाबून ‘टाइट’ करून देतो तेवढी हवा खडीवर नको. चाक दगडावरून उडतं, पकड सुटते आणि उतारावर ब्रेक लावला की मागचं चाक घसरतं. सत्तर किलोच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर हवा ४० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक, पंपावर लिहिलेलं असतं) जवळपास ठेवावी, ट्यूबलेस असेल तर ३५च्याही थोडी खाली. वजन जास्त असेल किंवा मागे सामान असेल तर मागच्या चाकात तीन-चार पीएसआय वाढवा. फार कमी करू नका. दगडावर आदळताना रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली की तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. आपला आकडा घराजवळच्या एखाद्या कच्च्या रस्त्यावर आठवडाभर आधी शोधा आणि लिहून ठेवा. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, सुकलेलं नाही ना ते बघा. काही महिन्यांत ते सुकतं, आणि काटा लागल्यावर ते समजून उपयोग नसतो.

काठाचा रस्ता सपाट असेल असं गृहीत धरू नका. तो ओढ्यात उतरतो आणि लगेच वर चढतो, पुन्हा पुन्हा. पुढचं सर्वांत छोटं चक्र आणि मागचं सर्वांत मोठं चक्र यांच्या दात्यांची संख्या सारखी किंवा जवळपास असेल तर बसून चढता येतं. नसेल तर उतरून ढकलायची तयारी ठेवा. ब्रेकचे पॅड बघा, चेन पुसून तेल द्या, आणि प्रत्येक नट-बोल्ट हाताने तपासा. खडीच्या हादऱ्याने बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू सर्वांत आधी ढिले होतात.

सोबतच्या पिशवीत दोन ट्यूब (ट्यूबलेसवाल्यांनीही एक), टायर काढायचे लिव्हर, पंक्चरचे तुकडे आणि सोल्युशन, पंप, मल्टिटूल, चेन तोडायचं अवजार आणि तुमच्या चेनला बसणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) घ्या. मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर ज्यावर बसतो तो धातूचा तुकडा, वाकला किंवा तुटला तर सायकल जागेवर बसते आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून तोही एक जादा ठेवा. वाटेत सायकलचं दुकान भेटेल ही आशा नको. आणि वस्तू असून भागत नाही: मागचं चाक काढून ट्यूब बदलणं घरी एकदा, कुणाची मदत न घेता, करून बघा.

पाणी अडीच लिटर. जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा. साम्रद आणि रतनवाडीला घरगुती जेवण मिळतं, पिठलं, भाकरी, ठेचा. पण आठवड्यातल्या मधल्या दिवशी कुणी चूल पेटवून पाहुण्यांची वाट बघत बसत नाही. त्या घरातल्या ताईंना किती माणसं आणि किती वाजता हे नीट सांगा, आणि सांगितलेल्या वेळेला पोचा. तोवर खिशात खजूर, शेंगदाणा चिक्की, केळी असू द्या. पैसे रोख आणि सुटे घ्या, कारण मोबाइलची रेंज मध्येच जाते आणि मग यूपीआयचा काही उपयोग नसतो. त्याच कारणाने नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, हे लक्षात घेऊन सामान भरा. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, शुल्क भरायचं आणि पावती जपून ठेवायची. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा, ड्रोनही. अंगाला उग्र वासाचा परफ्यूम नको; कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळं असतात. गावरस्ता आणि बैलगाडीची वाट सोडून जंगलात सायकल घालू नका. चाकाने पडलेल्या चरातून पहिल्या पावसाचं पाणी धावतं आणि उतारावरची माती घेऊन जातं. रिकामी वेष्टनं टाकायला एक जादा पिशवी घ्या. हँडलवर छोटी घंटी हवीच. इथल्या महादेव कोळी वस्त्यांमधून हा रस्ता जातो तेव्हा तो घराचं अंगण, गुरांची वाट आणि मुलांचा शाळेचा रस्ता असतो. नोव्हेंबरात भाताची कापणी-झोडणी चालू असते, डोक्यावर भारे घेतलेली माणसं समोरून येतात. त्यांना वाट द्यायची, आपण थांबायचं. फोटो विचारून काढा.

कपड्यांचं थोडक्यात: थंडीत पहाटे बोटं गारठतात, तेव्हा पूर्ण बोटांचे हातमोजे आणि सहज काढून गुंडाळता येईल असं विंडचीटर. हेल्मेट अर्थातच. प्रथमोपचारात खरचटल्यावर लावायचं औषध, क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटं. मोठं काही झालं तर राजूर गाठावं लागतं. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर आणि मुक्कामाच्या घरचा नंबर कागदावरही लिहून ठेवा.

वेळेचा हिशेब शेवटी करा, पण करा. खराब रस्त्यावर ताशी बारा किलोमीटर धरले तर नुसत्या चालवण्यालाच चार तास लागतात. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ घाईत उरकण्यासारखं नाही, तिथल्या कोरीव कामाला किमान पाऊण तास द्या. साम्रदला सांदण दरीच्या, म्हणजे तिथल्या अरुंद खोल घळीच्या, तोंडापर्यंत पायी जायचं असेल तर आणखी तास धरा. आत उतरण्याचा बेत सायकलच्या दिवशी नको. घाटघरचा कोकणकडा फाट्यावरून थोडा आत जाऊन बघायचा असतो आणि स्वच्छ हवेत तिथून खालचं कोकण दिसतं, त्यासाठी मी इतर काहीही सोडेन. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डोंगराआड त्याच्याही आधी. पुढचा आणि मागचा दिवा चार्ज करून लावा, आणि दुपारी तीनपर्यंत रतनवाडी सोडा. शेंडीतल्या मुक्कामाच्या घरी निघताना सांगून ठेवा की सहापर्यंत आम्ही आलो नाही तर मुतखेलच्या बाजूने कुणाला तरी गाडी घेऊन पाठवा.