मेपल लाल होत नाही? या चुका टाळा

न्यू जर्सी किंवा टोरांटोकडच्या अंगणातला मेपल रंगला नाही की पहिलं आणलं जातं ते खत, आणि तिथेच बिघडतं. लाल रंग अँथोसायनिनचा. हे द्रव्य पान शरदात स्वतःतल्या साखरेपासून बनवतं. त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो. कडक दंव पडलं तर पान रंगण्याआधीच करपतं. उन्हाळा सरताना नत्र (नायट्रोजनचं खत) दिलं तर झाड पालवी फोडत बसतं. द्यायचंच तर वसंतात, थोडं.

खरं तर निम्मा रंग नर्सरीत जात निवडतानाच ठरतो. जॅपनीज मेपलचा 'ओसाकाझुकी' उन्हाळाभर साधा हिरवा, म्हणून लोक त्याला सोडून लालसर 'ब्लडगुड' उचलतात. शरदात पेटतो मात्र ओसाकाझुकीच. मोठ्या अंगणाला रेड मेपलचा 'ऑक्टोबर ग्लोरी' चांगला. बियांच्या रोपाची खात्री नाही, तेव्हा रंग चढलेला असतानाच झाड निवडावं. नॉर्वे मेपल तर नकोच. तो बहुधा पिवळाच होतो, वर त्याचं बी रानात पसरतं.

सगळ्यात महागात पडते ती खोल लागवड. बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो ती जागा मातीच्या वर दिसलीच पाहिजे. कुंडीत ती अनेकदा आधीच गाडलेली असते. वरची माती खरवडून पाहा. गोल गुंडाळलेली मुळं कापून मोकळी करा, नाहीतर पुढे तीच बुंध्याला फास लावतात. मल्च, म्हणजे मातीवरचं भुश्शाचं-पाल्याचं आच्छादन, दोन-तीन इंच पुरे, तेही खोडापासून थोडं दूर. खोडाभोवती मल्चचा डोंगर रचायची इथली फॅशन कुणी काढली कोण जाणे. त्याखाली साल कुजते.

जुलैत पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर तो सहसा रोग नसतो. दुपारचं ऊन आणि कोरडा वारा यांचा तो मारा. बारीक चिरलेल्या पानांच्या जातींना सकाळचं ऊन, दुपारची सावली द्या. पण पूर्ण सावलीत रंग फिका पडतो. पाणी सावकाश, खोलवर. चिखल नको, वाफसा हवा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी.

लाल झाडातून वेगळ्याच हिरव्या फांद्या निघाल्या तर त्या बहुधा कलमाखालच्या खुंटाच्या असतात, जिथून फुटल्या तिथूनच कापा. एकेक फांदी अचानक सुकत असेल, आत काळपट-हिरव्या रेषा दिसत असतील, तर व्हर्टिसिलियम बुरशीचा संशय घ्या. त्यावर औषध नाही, आणि त्या जागी पुन्हा मेपल लावू नका.

पुण्या-मुंबईच्या नातलगांसाठी बिया नेऊ नका. मेपलला हिवाळ्याची थंड झोप लागते, ती तिथे मिळत नाही. ऑनलाइन निळ्या पानांच्या मेपलचं बी दिसलं तर ती सरळ फसवणूक समजा. असा मेपल अस्तित्वातच नाही.