क्रेनचा टेलिस्कोपिक बूम (एकात एक सरकणारा लांब हात) धक्के खात सरकत असेल तर

लगेच बूम ढकलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरवर संशय घेऊ नका; आधी वेअर पॅड (बूमचे भाग ज्यांच्यावर सरकतात ते ठोकळे) बघा, बऱ्याचदा ते कोरडे किंवा झिजलेले असतात. आउटरिगर (क्रेनला आधार देणारे बाजूचे पाय) पूर्ण बाहेर काढून, हुकाला वजन नसताना बूम लांबवा. तेवढी लांबी त्या कोनात चालते ना, हे लोड चार्टवर (कोणत्या लांबी-कोनात किती वजन चालतं, त्या तक्त्यावर) आधी पाहा. फार खाली झुकवलेला लांब बूम रिकामाही क्रेन उलटवू शकतो. इंजिन बंद करूनच हात घाला. धूळ खाल्लेलं जुनं ग्रीस पूर्ण पुसून काढा. त्यावरच नवं थापलं तर ते पॉलिश पेपरसारखं पॅड खातं. मग पॅड जिथे घासतात त्या पट्ट्यांवरच, मॅन्युअलमध्ये दिलेलं ग्रीस पातळ लावा आणि बूम दोन-तीनदा आत-बाहेर करा. बाजूची फट वाढली असेल तर शिम (फट भरणारी पातळ पट्टी) घाला, पण बूम मध्यावर राहील अशा बेताने.

लांबवून ठेवलेला बूम आपोआप आखडतोय? ५ मीटर स्ट्रोकच्या (दांडा सरकण्याच्या अंतराच्या) सिलिंडरमधलं तेल १० अंश सेल्सिअसने थंड झालं, तर साधारण ३५ मिमी फरक पडतोच. ती गळती नव्हे. तेल थंड झाल्यावरही आखडणं थांबलं नाही, तर होल्डिंग व्हॉल्व्ह (तेल अडवून बूम जागेवर धरणारा) आणि पिस्टन सील (पिस्टनभोवतीची तेल रोखणारी रिंग) तपासा.