काल्पनिक देश रचताय? या चुका टाळा

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या कल्पित देशांच्या नकाशांत एक नदी वारंवार भेटते. ती उंच डोंगरात उगम पावते, मैदानात उतरते आणि तिथे तिला दोन फाटे फुटतात. एक पूर्वेच्या समुद्राला मिळतो, दुसरा पश्चिमेच्या. दोन्ही फाट्यांवर एकेक राजधानी असते. लिहिणाऱ्याने त्या राजधान्यांवर महिनोन्‌महिने मेहनत घेतलेली असते. राजवंश, निशाणं, दरबाराचे रिवाज, सगळं तयार असतं. नदी मात्र एका झटक्यात ओढलेली. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून माझी नजर आधी नदीकडे जाते हे खरं. पण रचलेला देश कोसळतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

नदी फुटते

पाणी उताराने जातं. समोर दोन वाटा आल्या तर जी तसूभर खोल असेल तिकडे जास्त पाणी वळतं, ती आणखी खरवडली जाते आणि काही काळाने अख्खा प्रवाह तिचाच होतो. म्हणून नद्या खाली जाताना एकमेकींना मिळत जातात. कृष्णेला कराडला कोयना मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा, पुढे भीमा, मग तुंगभद्रा. फाटे फुटतात ते मुखाजवळ, जिथे उतार संपतो आणि गाळ साचतो. गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली गौतमी आणि वसिष्ठा अशी विभागते ती त्यामुळे. अपवाद जगात आहेत. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीचं काही पाणी कासिक्यारे नावाच्या प्रवाहातून थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातं. तुमच्या देशात असा अपवाद ठेवायचा तर जरूर ठेवा, पण मग तिथल्या नावाड्यांना आणि पुजाऱ्यांना त्याचं नवल वाटलं पाहिजे. इतकी विलक्षण गोष्ट दाराशी आहे आणि देशात तिची एकही कहाणी नाही, हे पटत नाही.

याच्या जोडीला दुसरी समजूत असते, की नदी जवळच्या समुद्राला जाते. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर आहे, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, कारण दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे. नर्मदा आणि तापी उलट पश्चिमेला जातात, कारण त्या खचदऱ्यांतून वाहतात. तेव्हा नद्या काढण्याआधी पेन्सिलने उंचसखल भाग रंगवा: उंच तो गडद, सखल तो फिका. नदी गडदाकडून फिक्याकडे जायला हवी, वाटेत एकदाही उलट नाही. सरोवरांनाही हाच हिशेब लागू. काठ जिथे सर्वांत खाली आहे तिथूनच पाणी बाहेर पडणार, म्हणजे वाट एकच. आणि वाटच नसेल तर क्षार साठत जातात आणि लोणारसारखं खारं सरोवर होतं. त्याच्या काठावर गोड्या पाण्याची शेती दाखवू नका.

पाऊस सगळीकडे सारखा पडतो

ही चूक दिसत नाही, म्हणून ती मला सर्वांत महागडी वाटते. नकाशावर डोंगर असतात, जंगलं असतात, पण वारा कुठून येतो हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. मग डोंगराच्या दोन्ही बाजूंना सारखी हिरवळ, सारखी घरं, सारखे सण.

सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून जेमतेम शंभर किलोमीटर पूर्वेला, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, तो पाचशेच्या आसपास येतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात आणि पलीकडच्या पर्जन्यछायेत कोरडा वारा पोचतो. आता या एका फरकातून काय काय निघतं बघा. घाटमाथ्याच्या पश्चिमेला भात आणि नाचणी, पूर्वेला ज्वारी आणि बाजरी. कोकणात उतरत्या छपरांची जांभ्याची घरं, माणदेशात सपाट माळवदं. आणि जिथे शेतीचा भरवसा नाही तिथे मेंढरं. माण आणि फलटण भागातले धनगर पावसाळा आपल्या गावी काढतात, दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात आणि त्यांतले कित्येक वाडे, म्हणजे एकत्र फिरणारे मेंढपाळांचे गट, कोकणापर्यंत उतरतात. भात काढून झालेल्या शेतात मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. दोघांना एकमेकांची गरज असते, आणि उभ्या पिकात मेंढरू शिरलं की भांडणही होतं.

हे नातं देवापर्यंत जातं. खंडोबाला दोन बायका: म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. त्यांच्या भांडणाची गाणी वाघ्या-मुरळी आजही गातात. जेजुरीला म्हाळसा गडावर देवासोबत आहे आणि बाणाईचं देऊळ गडाच्या वाटेवर निम्म्यात. पेठेतली माणसं आणि रानातली माणसं एकमेकांकडे कशी बघतात, हे त्या पायऱ्या चढताना कळतं.

तुमच्या देशातले देव असे कुठून तरी उगवलेले आहेत का, ते तपासा. हस्तलिखितांत मला बहुधा यादी मिळते: अग्नीचा देव, युद्धाची देवी, मृत्यूचा देव, प्रत्येकाचं एक चिन्ह आणि एक रंग. अशा देवांना कुणी नवस बोलत नाही. आपल्याकडे म्हसोबा बांधावर बसतो, साती आसरा पाण्याच्या डोहाशी, वेस सांभाळणारा देव वेशीवर. त्यांची जागा आधी ठरली, कारण भीती त्या जागेची होती. दुरुस्ती अशी करा: देवांची यादी बाजूला ठेवा, नकाशावर माणसं कुठे घाबरतील त्या जागा शोधा. वाहून जायला होतं तो उतार, वाट चुकते ते रान, मूल बुडालं तो डोह. देव तिथे बसवा.

शहर सुंदर आहे, पण तिथे का आहे?

राजधानी नकाशाच्या मध्यभागी असते, कारण मध्यभाग छान दिसतो. खरी गावं घाटाच्या तोंडाशी, नदी पायी ओलांडता येते त्या उताराशी, संगमावर किंवा बंदरावर वाढतात. कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाटाने वर चढायचा, जुन्नरला यायचा, पुढे पैठणला जायचा. नाणेघाटाच्या माथ्यावर कातळात कोरलेली लेणी आहे, तिच्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि वाटेच्या कडेला दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं सांगतात. जुन्नर का मोठं झालं, याचं उत्तर त्या चढणीवर आहे. तुमच्या राजधानीत कोणता माल येतो आणि जकात कोण घेतं, एवढं ठरवलंत तरी दरबारातली अर्धी कारस्थानं आपोआप सुचतील.

मिठाचा प्रश्नही विचारा. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांनाही मीठ लागतंच, आणि ते कुणाच्या तरी पाठीवरून येतं. आपल्याकडे लमाणांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य वाहत. असे लोक सगळ्या राज्यांत फिरतात, सगळ्या बोली थोड्या थोड्या जाणतात आणि बातम्या नेतात. कथेला याहून उपयोगी माणसं सापडणं कठीण, तरी ती हस्तलिखितांत क्वचितच असतात.

अंतराचं थोडक्यात सांगते. ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर जाते आणि मुक्काम धरून तिला अठरा-वीस दिवस लागतात. माणसं, बैल आणि सामान असलेला जथा साधारण त्याच बेताने सरकतो. तुमची फौज तेच अंतर तीन दिवसांत कापत असेल तर तिला जेवण कोण देतंय ते लिहा.

प्राणी फक्त मोठा केला आहे

वाघ घ्यायचा, त्याला हत्तीएवढा करायचा, पंख लावायचे. अडचण शरीराच्या हिशेबात आहे. लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली की कातडीचा पसारा चौपट होतो, हाडाचा छेदही चौपट होतो, पण वजन आठपट होतं. मोठ्या प्राण्याची हाडं नुसती लांब असून भागत नाही, ती प्रमाणाबाहेर जाड लागतात, हे गॅलिलिओने १६३८ साली मांडलं होतं. उडणाऱ्यांची मर्यादा आणखी कडक. आपला माळढोक जगातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक आहे, आणि त्याचा नर पंधरा किलोच्या आसपास भरतो. केत्झालकोआटलस हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झालेला उडता सरपटणारा प्राणी दहा मीटरहून अधिक पंखविस्ताराचा होता, तरी त्याचं वजन काही शे किलोंतच धरलं जातं.

म्हणजे पंखांचा हत्ती रचूच नये का? रचावा. तो मंत्राने उडतो असं एकदा ठरलं की वाचक ते मान्य करतो. पण तो खातो काय, हा प्रश्न मंत्राने सुटत नाही. एका वाघाला टिकून राहायला सुमारे पाचशे हरणं-सांबरांसारखे प्राणी असलेलं रान लागतं, कारण तो आठवड्याला साधारण एक शिकार करतो. तुमचा प्राणी दहा वाघांएवढा असेल तर त्याचं रान किती मोठं, आणि त्या रानाच्या कडेला राहणाऱ्या गुराख्याने वर्षाला किती गुरं गमावायची? तो गुराखी त्या प्राण्याला काय म्हणतो?

याच ठिकाणी बहुतेक लेखन कोरडं राहतं. प्राणी म्हणजे नायकाने मारायची वस्तू, एवढंच त्याचं काम उरतं. प्राण्यासोबत राहणारी माणसं त्याच्याशी नातं लावतात. सह्याद्रीतले आदिवासी वसुबारसेच्या दिवशीच वाघबारस करतात, वारल्यांच्या पाड्यांजवळ लाकडात कोरलेला वाघदेव उभा असतो. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, ‘लांबडं’ म्हणायचं, हे अनेकांनी आजीकडून ऐकलं असेल. तुमच्या प्राण्याला दोन नावं द्या, एक दरबारातल्या पोथीतलं आणि एक रात्री दबक्या आवाजात घ्यायचं. त्या दोन नावांमधल्या अंतरात एक अख्खी संस्कृती मावते.

आणि परदेशी बर्फातले, गुहेत सोनं राखणारे सर्प आणण्याआधी एखाद्या किल्ल्याच्या दरवाजाकडे मान वर करून बघा. पंजात हत्ती धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा कल्पित पशू, तिथे कोरलेला असतो. मंदिरांवर असेच कल्पित व्याल आहेत, मकर आहेत. त्यांना अजून कुणी नीट चालवलेलं, बोलवलेलं, भुकेलेलं दाखवलेलं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

एक जमात, एक स्वभाव

‘डोंगरातले लोक शूर आणि अडाणी, किनाऱ्यावरचे लबाड, जंगलातले क्रूर.’ अशी वाक्यं हस्तलिखिताच्या पहिल्या दहा पानांत आली की मी थांबते आणि लेखकाला फोन करते. ही निव्वळ कलेतली चूक नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो देशभर पसरला, आणि पारधी, बेरड, कैकाडी अशा कित्येकांना पोलिसांकडे हजेरी देत, तारेच्या कुंपणात जगावं लागलं. १९५२ साली ते विमुक्त झाले, पण तो शिक्का आजही त्यांच्या मुलांच्या कपाळावर शोधला जातो. जमातीचा एकच स्वभाव असतो हे गोष्टीतून शिकवणं आपल्याला परवडणारं नाही.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक लोकसमूहात निदान एका गोष्टीवरून आपसांत वाद असू द्या: पाहुण्याला आत घ्यायचं की नाही, मुलीला वाटा द्यायचा की नाही, जुनी भाषा मुलांना शिकवायची की नाही. आणि ‘हे लोक क्रूर आहेत’ हे वाक्य निवेदकाच्या तोंडून काढून शेजारच्या जमातीतल्या एखाद्या माणसाच्या तोंडी द्या. मग ते त्या माणसाचं मत होतं, आणि त्याला ते का वाटतं याचीही एक गोष्ट निघते.

नावांची गडबड इथेच जोडून येते. एकाच गावात एकाचं नाव संस्कृत महाकाव्यातलं, दुसऱ्याचं जोडाक्षरांचा डोंगर, तिसऱ्याचं इंग्रजी वाटणारं. आपल्या गावांची नावं पाहा: वडगाव, पिंपळगाव, बोरगाव यांत झाडं आहेत, आणि त्यांच्यामागे लागणारे खुर्द आणि बुद्रुक फारसीतून आलेले आहेत. एका पाटीवर दोन राजवटी वाचता येतात. तुमच्या देशातही नद्या-डोंगरांची नावं सर्वांत जुन्या भाषेतली ठेवा, गावांची त्यानंतरच्या आणि हुद्द्यांची राज्यकर्त्यांच्या भाषेतली. आवाज वेगवेगळे ठेवलेत की इतिहास न सांगता कळतो.

दोनशे पानं लिहून झाली असतील तर

फाडू नका. दोन समुद्रांना मिळणारी ती नदी आधीच कथेत रुजली असेल, तर तिचा एक फाटा माणसांनी खणलेला असू द्या. मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, डोंगरातलं पाणी नहरीने आणलं होतं. खानदेशात पांझरा नदीवर बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटून घेत आले आहेत, आणि ते वाटायला गावाने पाटकरी नेमलेला असतो. तुमचा फाटाही असाच कुणी तरी खणला. कोणत्या राजाने, कुणाला वेठीला धरून, किती पिढ्या? खणताना मेलेल्यांची देवळी कुठल्या वळणावर आहे? उन्हाळ्यात पाणी उतरलं की रात्रीची पाळी पूर्वेच्या राजधानीची की पश्चिमेच्या, आणि दार उघडायला गेलेला पाटकरी सकाळी परत का आला नाही?