ऐतिहासिक वास्तूंवरून ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा सराव करताय? मग या चुका टाळा

पॅसिव्ह व्हॉइस शिकायला ऐतिहासिक वास्तूंसारखा दुसरा विषय नाही असं माझं ठाम मत आहे. वास्तू म्हटली की ती कुणीतरी बांधली, कुणीतरी पाडली, परत उभारली, रंगवली, जगासाठी खुली केली, आणि या प्रत्येक वाक्यात लक्ष वास्तूवर असतं, बांधणाऱ्यावर नसतं, म्हणजे पॅसिव्ह तिथे आपोआप लागतो, ओढूनताणून आणावा लागत नाही. पण हाच सराव आपण नुसता कर्ता तिकडे आणि कर्म इकडे असं करत बसलो तर शंभर वाक्यं करूनही काही हाती लागत नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ आपल्या मराठीमुळेच होतो, आणि तो कुणी समजावून सांगत नाही म्हणून जरा नीट बघू. 'शाहजहानने ताजमहाल बांधला' हे वाक्य मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग आहे, कारण 'बांधला' हे ताजमहालाप्रमाणे चालतं, मशीद असती तर 'बांधली' झालं असतं. शाळेत कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे याचं इंग्रजी करताना बरेच जण थेट पॅसिव्हकडे वळतात. पण इंग्रजीत त्याचं सरळ 'शाहजहान बिल्ट द ताजमहल' होतं आणि ते शंभर टक्के ॲक्टिव्ह आहे. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारं मराठी वाक्य म्हणजे 'ताजमहाल शाहजहानकडून बांधला गेला', ते 'कडून' आणि 'गेला' वालं. म्हणून 'ने' दिसला की पॅसिव्ह हे समीकरण आधी डोक्यातून काढून टाका.

यातूनच दुसरी चूक निघते, ती म्हणजे 'द ताजमहल बिल्ट बाय शाहजहान'. मधला 'वॉज' कुठे गेला? आपण बोलताना 'ताजमहाल शाहजहानने बांधला' असंच म्हणतो, तिथे सहाय्यक क्रियापद नसतंच, मग इंग्रजीतही ते गळतं. पॅसिव्हमध्ये थर्ड फॉर्मच्या आधी 'बी'चं कुठलं ना कुठलं रूप हवंच. आणि ते रूप वास्तूप्रमाणे बदलतं, 'द ग्रेट पिरॅमिड वॉज बिल्ट' पण 'द पिरॅमिड्स वेअर बिल्ट'. 'द रुइन्स ऑफ पेट्रा' (जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन शहराचे अवशेष) आलं की शेवटचा पेट्रा बघून 'वॉज' लावू नका, मुख्य शब्द रुइन्स आहे, म्हणून 'वेअर'.

आता बर्लिनची भिंत घ्या. ती 1961 मध्ये बांधली गेली, 'द बर्लिन वॉल वॉज बिल्ट इन 1961', इथपर्यंत बरोबर. पुढे 1989 आलं की हमखास 'द वॉल वॉज फॉलन इन 1989' लिहिलं जातं, आणि ते चूक आहे. 'फॉल'ला कर्म नसतं आणि कर्म नाही तर पॅसिव्हही नाही, तिथे साधं 'द वॉल फेल इन 1989' लिहायचं. हे ओळखायला मराठीच कामाला येते, 'पडली' की 'पाडली' असं स्वतःला विचारा. पडली असेल तर पॅसिव्ह होत नाही, पाडली असेल तर होतो, 'पार्ट्स ऑफ द वॉल वेअर पुल्ड डाउन' हे एकदम बरोबर. तसंच ऱ्होड्स बेटावरचा कोलोसस नावाचा प्रचंड पुतळा भूकंपात कोसळला, तिथे 'कोलॅप्स्ड' म्हणायचं, 'वॉज कोलॅप्स्ड' नाही, पॅसिव्हच हवा असेल तर 'वॉज डिस्ट्रॉयड बाय ॲन अर्थक्वेक' करा. 'स्टँड', 'रिमेन', 'बिकम', 'कन्सिस्ट ऑफ' ही मंडळी पण याच रांगेतली. आयफेल टॉवर पॅरिसमध्ये उभा आहे म्हणून 'इज स्टूड' लिहू नका, 'स्टँड्स' लिहा.

टेन्सचं बघा. 'द आयफेल टॉवर हॅज बीन कम्प्लीटेड इन 1889' हे वाक्य खूप दिसतं, कारण मनात 'पूर्ण झालेला आहे' असतं. वर्ष दिलं की साधा भूतकाळ, 'वॉज कम्प्लीटेड इन 1889'. हाच टॉवर साधारण दर सात वर्षांनी नव्याने रंगवतात, ही नेहमीची गोष्ट म्हणून 'इज रीपेंटेड', आणि आत्ता या क्षणी काम चालू असेल तरच 'इज बीइंग रीपेंटेड'. पॅरिसचंच नोत्र दाम कॅथेड्रल सरावाला फार छान आहे, 2019 मध्ये आगीत नुकसान झालं म्हणून 'वॉज डॅमेज्ड बाय फायर', कळस कोसळला म्हणून 'द स्पायर कोलॅप्स्ड', मग डागडुजी झाली, 'वॉज रिस्टोर्ड', आणि डिसेंबर 2024 मध्ये ते परत उघडलं, 'रीओपन्ड' किंवा 'वॉज रीओपन्ड', दोन्ही चालतात. एका इमारतीत केवढं व्याकरण आलं!

थर्ड फॉर्ममध्ये एक जोडी फार फसवते, फाइंड आणि फाउंड. 'फाइंड'चा थर्ड फॉर्म 'फाउंड', म्हणजे सापडलं. आणि स्थापन करणे याचं मूळ रूपच 'फाउंड', त्याचा थर्ड फॉर्म 'फाउंडेड'. तेव्हा 'द सिटी वॉज फाउंड' आणि 'द सिटी वॉज फाउंडेड' यात शतकांचा फरक पडू शकतो. पेरूमधलं माचू पिच्चू हे डोंगरावरचं शहर इंका लोकांनी पंधराव्या शतकात वसवलं आणि अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम तिथे पोचला 1911 मध्ये, या दोन घटना एका अक्षराने उलटसुलट होतात.

'बाय' प्रत्येक वाक्यात चिकटवायची गरज नाही. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाबद्दल 'स्टोनहेंज वॉज बिल्ट बाय पीपल' लिहिलं, तर माणसांनी नाही तर कोणी बांधलं असणार? असा 'बाय' सरळ कापा. 'दे'चं 'बाय देम' करणंही बहुतेक वेळा फुकटच असतं. आणि कशाचं बनलंय हे सांगताना 'बाय' येत नाही, 'मेड ऑफ आयर्न' असं 'ऑफ' येतं.

स्टॅच्यू ऑफ लिबर्टी फ्रान्सच्या लोकांनी अमेरिकेला भेट दिला, 1886 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. इथे 'गिव्ह'ला दोन कर्मं आहेत म्हणून पॅसिव्ह पण दोन होतात, 'द स्टॅच्यू वॉज गिव्हन टू द युनायटेड स्टेट्स' आणि 'द युनायटेड स्टेट्स वॉज गिव्हन द स्टॅच्यू'. वास्तूवर निबंध असेल तर पहिला घ्या.

निबंधावरून आठवलं, सगळीच वाक्यं पॅसिव्ह करू नका. परिच्छेद कुणाबद्दल आहे ते आधी ठरवा. सिडनी ऑपेरा हाउसबद्दल लिहिताय तर 'इट वॉज डिझाइन्ड बाय यॉर्न उत्झॉन अँड वॉज ओपन्ड इन 1973' छान वाटतं. पण उत्झॉनबद्दल लिहिताय तर त्याने 1957 ला ऑपेरा हाउसच्या डिझाइनची स्पर्धा जिंकली, 1966 ला काम सोडलं, ही वाक्यं ॲक्टिव्हच हवीत, 'द कॉम्पिटिशन वॉज वन बाय हिम' केलं की वाचणाऱ्याचं लक्ष उत्झॉनवरून उडतं.

शेवटचं म्हणजे प्रश्न. 'व्हेन इट वॉज बिल्ट?' नाही, 'व्हेन वॉज इट बिल्ट?', हेल्पिंग व्हर्ब पुढे आणायचं. 'हू बिल्ट इट?'चं पॅसिव्ह 'बाय हूम वॉज इट बिल्ट?' किंवा बोलताना 'हू वॉज इट बिल्ट बाय?', फक्त या दुसऱ्यात शेवटचा 'बाय' विसरू नका, नाहीतर प्रश्न अर्धवट राहतो.