नवऱ्याचा लसीवर विश्वास नाही? घरात या चुका टाळा

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत फॉरवर्ड तीन भाषांतून येतात. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर गुजराती, दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर हिंदी आणि रात्री कुळाच्या ग्रुपवर मराठी. लसीत चिप असते, लसीने पुढे मूल होत नाही, लस घेतल्यामुळेच तरुण पोरं हार्ट अटॅकने जाताहेत. एकच गोष्ट तिन्हीकडून कानावर आली की माणसाला वाटतं, इतके जण म्हणताहेत म्हणजे काहीतरी असणारच. आणि मग एक दिवस नवरा जेवता जेवता सांगून टाकतो, बाळाला नऊ महिन्यांची, म्हणजे गोवर-रुबेलाची, लस द्यायची नाही.

हे बायकोच्या बाबतीतही होतं, नवऱ्याच्याही. माझ्या ओळखीत नवरे जास्त आहेत म्हणून इथे नवरा म्हणते. अशा घरांतली भांडणं जवळून पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एक नवऱ्याचं मत. ते बदलायला वेळ लागतो, कधी वर्ष जातं, कधी बदलतही नाही. दुसरा बाळाचा डोस, आणि त्याला तारीख असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हे दोन्ही प्रश्न एकत्र बांधल्यामुळे होतात.

त्याला अडाणी ठरवणं

लसीवर संशय घेणारा माणूस बहुतेक वेळा शिकलेला असतो, इंजिनिअर असतो, घराचे हिशेब चोख ठेवतो. त्याला अक्कल शिकवायला गेलात तर तो तेवढ्याच हुशारीने आपली बाजू मांडतो आणि मग आणखी घट्ट रोवून बसतो. अफवेच्या मुळाशी बहुतेकदा एखादी खरी भीती असते, ती शोधावी लागते.

आमच्याकडे या भीतीचं मूळ अनेकदा गरब्यात सापडतं. २०२३ च्या नवरात्रात गुजरातभरातून गरबा खेळताना तरुण माणसं कोसळल्याच्या बातम्या येत होत्या. ज्याचा मित्र किंवा शेजारी असा गेला, त्याला कारण हवं असतं आणि लस हे कारण आयतं मिळतं. अशा माणसाला 'काहीतरीच काय बोलतोस' म्हणणं म्हणजे त्याच्या दुःखालाच खोटं पाडणं.

माझ्या एका मैत्रिणीने हे फार छान हाताळलं. दांडिया बाजारातलं जुनं घर, रात्रीची वेळ, नवरा मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होता. तिने पूर्ण व्हिडिओ पाहिला. मग विचारलं, "तुला नेमकी कशाची भीती वाटते?" तो म्हणाला, "मला कशाची भीती?" ती गप्प राहिली. मग त्याने मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाला, "छकुलीला काही झालं तर मी कुणाला जाब विचारू? हेल्थ सेंटरवाल्यांना?" आता बोलायला काहीतरी होतं. व्हिडिओतल्या माणसाशी वाद घालून हे कधीच निघालं नसतं.

आणि त्या मृत्यूंबद्दल सांगण्यासारखं ठोस काही आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १८ ते ४५ वयाच्या, वरवर धडधाकट असताना अचानक गेलेल्या माणसांचा ४७ रुग्णालयांमधून अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविडच्या लसीमुळे असा मृत्यू होण्याचा धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. ज्यांनी दोन डोस घेतले होते त्यांच्यात तो उलट कमी दिसला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: कोविडने रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास, आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू किंवा खूप दमछाक करणारा व्यायाम. ही माहिती त्याच्या भीतीला उत्तर देते आणि वर एक उपयोगाचं काम सुचवते. त्याच्या वडिलांना किंवा काकांना लहान वयात हृदयाचा त्रास झाला असेल तर पुढच्या नवरात्राआधी त्याने तपासणी करून घ्यावी. 'चल, दोघं जाऊन येऊ' म्हणा. तुम्ही त्याची काळजी गंभीरपणे घेता, हे त्याला दिसेल.

कुळाच्या ग्रुपवर त्याला खोडून काढणं

चारचौघांत माघार घेणं कुणालाही जड जातं. नवऱ्याने ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डखाली तुम्ही 'हे खोटं आहे' लिहिलंत, त्यावर नणंदेने हसरा चेहरा टाकला, साडूने अंगठा दाखवला, की तो मुद्दा त्याच्या इभ्रतीचा झाला. तिथे काही लिहू नका. रात्री दोघंच असताना बोला, तेही त्याच रात्री नको.

सासूबाईंना, भावाला किंवा भाऊजींना पंच म्हणून बसवणं ही याचीच थोरली बहीण. घरातला एखादा वडीलधारा माणूस खरंच त्याच्या विश्वासातला असेल तर त्याला एकट्याने बोलू द्या. दरबार भरवू नका.

'लसीने काहीही होत नाही' असं सांगणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कारण हे वाक्य खरं नाही, आणि ज्या दिवशी ते खोटं ठरतं त्या दिवशी तुमची बाकीची खरी वाक्यंही वाया जातात.

कोविशिल्ड या कोविडच्या लसीचंच घ्या. २०२४ च्या एप्रिलअखेर बातमी आली की तिची मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात कबूल केलंय, लसीमुळे अत्यंत क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात. अनेक घरांत नवरे म्हणाले, बघ, मी सांगत होतो. इथे सरळ 'हो, हे खरं आहे' म्हणावं आणि मग पुढचं सांगावं. हा त्रास २०२१ पासूनच डॉक्टरांना माहीत होता, तो फार विरळा आहे आणि तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. २०२१ ला घेतलेल्या डोसाची भीती आता बाळगायचं कारण नाही. शिवाय छकुलीच्या गोवराच्या लसीचा त्या लसीशी काही संबंध नाही, ती वेगळ्या प्रकारची लस आहे. अर्धं खरं मान्य केल्यावर उरलेलं अर्धं ऐकून घेतलं जातं.

जुनं उदाहरण हवं असेल तर ते आपल्या दारातच आहे. प्लेगवरची लस मुंबईत तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी, सयाजीराव महाराजांच्या राज्यात, बडोद्याजवळच्या उंडेरा गावात त्यांनी घराघरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना नाही. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसं. प्लेग त्यांच्यात शिरला तेव्हा न टोचलेल्यांत मृत्यू कितीतरी पटींनी जास्त झाले. उंडेरा आज गोरव्याच्या पलीकडे शहराला लागून आहे. आणि याच लसीच्या एका बाटलीने १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १९ माणसं धनुर्वाताने गेली, कारण ती बाटली दूषित झाली होती. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि तो धुऊन निघायला १९०७ उजाडलं. हे दोन्ही प्रसंग नवऱ्याला सांगा, दुसरा लपवू नका. चूक झाली, लोक मेले, चौकशी झाली. आज केंद्रावर प्रत्येक बाळासाठी नवी सुई उघडतात आणि टोचल्यावर अर्धा तास थांबवून घेतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

बाळाच्या बाबतीत तर आधीच सांगून ठेवणं फार कामाला येतं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, देतात, त्या रात्री ताप येऊ शकतो, मांडी सुजते, बाळ किरकिर करतं. बीसीजी, म्हणजे क्षयावरची लस, टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, तो फुटतो, मग खपली धरते आणि व्रण राहतो. ज्या बापाला हे कुणी सांगितलेलं नसतं तो तो फोड बघून हादरतो आणि तिथूनच संशयाला सुरुवात होते. ज्याला सांगितलेलं असतं तो म्हणतो, हं, आला बघ. पॅरासिटामॉलचं वजनाप्रमाणे प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद त्याच्याच हाती द्या. बाळ तीन तासांहून जास्त सलग रडत राहिलं, झटका आला, श्वासाला त्रास झाला, तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. हेही आधीच ठरवा. 'काही झालं तर मी कुणाला जाब विचारू' या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे.

प्रत्येक फॉरवर्डचा पाठलाग करणं

चिपची गोष्ट खोडलीत की लोहचुंबकाची येते. २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर भांडी चिकटतात असा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. घामट त्वचेला नाणी-चमचे तसेही चिकटतात, पावडर लावली की गळून पडतात. हे करून पाहायला मजा येते, पण मत त्याने बदलत नाही. दहा लिंका पाठवण्यापेक्षा एकच दावा निवडा, जो त्याला सगळ्यात जास्त खुपतो तो. लसीने मुलांना आटिझम होतो, हा असेल तर ज्यावरून हे सुरू झालं तो १९९८ चा मूळ लेख फक्त १२ मुलांवरचा होता, २०१० मध्ये मासिकाने तो मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही गेला, एवढं पुरे. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलं तपासली, संबंध सापडला नाही.

मग त्याला विचारा, "तुझं मत बदलायला तुला काय दिसायला हवं?" याचं उत्तर त्याच्याकडे असेल तर पुढे बोलता येतं. 'काहीच नाही' म्हणाला तर वाद तिथेच थांबवा आणि डोसाच्या तारखेकडे वळा.

त्याला पटेपर्यंत थांबणं

कितीतरी घरांत डोस याच कारणाने चुकतात. बायको म्हणते, भांडण नको, पुढच्या महिन्यात बघू. पण आईकडून मिळालेलं गोवराविरुद्धचं संरक्षण बाळाच्या अंगात नवव्या महिन्यापर्यंत ओसरत आलेलं असतं, म्हणून तर पहिला डोस तेव्हा ठेवलाय. गोवर इतका झपाट्याने पसरतो की एका रुग्णापासून, लस न घेतलेल्या माणसांत, १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते.

काही डोसांना मुभा आहे, काहींना नाही. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांत द्यायचा असतो. बीसीजी वर्षाच्या आत. जुलाबांवरच्या रोटाव्हायरस लसीचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू झाला नाही तर सरकारी कार्यक्रमात पुढे तो देत नाहीत. गोवर-रुबेलाचा डोस राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत मिळतो. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सगळं पुन्हा घ्यावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. बाळाच्या लसींची नोंद असलेलं ममता कार्ड घेऊन जवळच्या अर्बन हेल्थ सेंटरवर जा, आशाताई किंवा नर्सबाई काय राहिलंय ते बघून सांगतील. नेहमीच्या लसीकरणाला एक पालक बाळाला घेऊन आला तरी चालतं.

गुपचूप मात्र नको. मांडीवरची सूज लपत नाही, आणि कळलं की 'आणखी काय काय लपवतेस' इथून नवं भांडण सुरू होतं. शिवाय रात्री ताप आला तर त्याला कारण माहीत असायला हवं. सरळ सांगा: "बुधवारी मी तिला घेऊन जाणार आहे. तू आलास तर बरं वाटेल. नाही आलास तरी मी जाणार." आवाज चढवायची गरज नाही, परवानगी मागितल्यासारखंही नको.

त्याने स्वतः लस घ्यावी हा हट्ट मात्र सोडा. कोविडची लस कुणावर सक्तीने देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी म्हटलंय. मोठ्या माणसाने स्वतःपुरता घेतलेला निर्णय तुम्हाला पटो वा न पटो, तो त्याचा आहे. तुम्ही एवढं मान्य केलंत तर मुलीच्या बाबतीत तुमच्या शब्दाला वजन येतं.

सगळ्यालाच 'मतभेद' समजणं

लसीवर संशय आणि बाकी माणूस नेहमीसारखा, हे एक. पण झोप उडाली, शेजारी पाळत ठेवतात म्हणतो, जेवणात काही घातलंय म्हणून ताट सरकवतो, कामावर जाणं बंद केलं, असं दिसलं तर तो अफवांचा प्रश्न राहिला नाही. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. धमकी, हात उचलणं, बाळाला घेऊन बाहेर पडायला मनाई, असं असेल तर गुजरातेत १८१ अभयम ही महिलांची हेल्पलाइन आहे. तिथे समजावण्याच्या युक्त्या चालवत बसू नका, आधी सुरक्षित व्हा.

तो मऊ पडल्यावर हिशेब चुकता करणं

बहुतेक नवरे 'माझं चुकलं' असं म्हणत नाहीत. एखाद्या डोसाच्या दिवशी गाडी काढतात, बाहेर उभे राहतात, फोनवर बोलतात. पुढच्या खेपेला आत येतात. तेव्हा 'पटलं का अखेर' हे वाक्य तोंडातून काढू नका, आणि माहेरी फोन करून सांगूही नका. त्याला बाळाला मांडीवर घेऊ द्या, नर्सबाईंना त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. कार्डावरची पुढची तारीख त्याच्या फोनमध्ये टाकायला सांगा: १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, मग ५ ते ६ वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर.